एक मिनिट पुढं असलेली बाई

माझ्या मोठ्या जाऊबाई अकरा वर्षं रेडिओवर बोलत होत्या. कागदावर. प्रत्यक्षात त्या अकरा वर्षं येडशीतल्या आमच्या स्वयंपाकघरात बोलत होत्या, आणि तिथून त्यांचा आवाज कुठल्याही यंत्राशिवाय रेल्वे स्टेशनापर्यंत जात होता. रेडिओवर बोलायची ती मी. हे सगळ्यांना माहीत होतं. मला, जाऊबाईंना, आमच्या दोघींच्या नवऱ्यांना, केंद्रावरच्या बड्या बाबूंना, शिपायाला आणि चहावाल्याला. फक्त कागदाला माहीत नव्हतं, आणि एक दिवस तो कागदच आमच्या घरी आला.

पण आधी हे असं कसं झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई थापा मारतेय.

जिल्ह्याच्या गावाला लागून एक सरकारी रेडिओ केंद्र. त्याचं नाव घेत नाही, कारण बड्या बाबूंबरोबर मला अजून रोज चहा प्यायचाय. मी तिथं हंगामी निवेदक. हंगामी म्हणजे बोलावलं की जायचं, बोलून घरी यायचं. आणि नियम असा की हंगामी माणसाला महिन्यातून सहाच दिवस बोलवायचं. का, तर जास्त दिवस बोलावलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं, तर तो माणूस उद्या उठून म्हणेल, मला कायम करा. आम्ही काही मागायच्या आधीच आमचं तोंड बंद करून ठेवलेलं. तेही कुणाचं? जिचं काम तोंड उघडायचं, तिचं!

आता रेडिओ काही महिन्यातून सहा दिवस चालत नाही. कायमचे निवेदक एकेक करून निवृत्त झाले, हार घालून घरी गेले, आणि त्यांच्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या. उरलो आम्ही दोघी, मी आणि माझ्याहून वयानं मोठ्या एक बाई. सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रक्षेपण, संध्याकाळची सभा, सोयाबीनचे भाव, हवामान, कुणाची तरी हरवलेली म्हैस, सगळं आमच्या दोघींच्या गळ्यावर. सहा दिवसांत हे बसायचं कसं? तर बड्या बाबूंनी शांतपणे विचारलं, "घरात आणखी कुणी शिकलेलं आहे का?"

त्या मोठ्या बाईंनी जास्तीचे दिवस स्वतःच्याच माहेरच्या नावावर लावून घेतले, इतक्या त्या हुशार. मला सुचलं नाही. मी म्हणाले, मोठ्या जाऊबाई आहेत, दहावी पास आहेत. झालं. त्या दिवसापासून महिन्याचे सहा दिवस माझे आणि सहा दिवस अक्कांचे. अक्का म्हणजे जाऊबाई, आम्ही घरात त्यांना अक्काच म्हणतो. महिन्याच्या शेवटी मी फॉर्म घेऊन यायची, अक्का भाकरी थापता थापता हात पदराला पुसायच्या आणि सही करायच्या. आमच्या केंद्राच्या त्या फायलीत अकरा वर्षांचं ज्वारीचं पीठ असणार, बघा कधी उघडून.

नवरात्रात तर गंमतच. तुळजापूरहून आम्ही थेट निवेदन करायचो, मी नऊ दिवस देवळाच्या बाहेर मंडपात उभी, घसा बसलेला, पायात गोळे. ते सगळे दिवस अक्कांच्या नावावर, कारण माझे सहा संपलेले असायचे, आणि उत्सवापुरती सहाच्या वर जायची मंजुरी एकाच नावाला मिळायची, ती बड्या बाबूंनी अक्कांच्या नावाला घेतलेली. अक्का घरी उपासाची भगर खात रेडिओ ऐकायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या, "आज लई चांगली बोलले मी."

मला हसू यायचं. अकरा वर्षं मी त्याला हसले. तेच चुकलं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आमच्या स्टुडिओत भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते पाचला वीस कमी असताना कधीतरी बंद पडलं होतं. नवं घड्याळ घ्यायला मंजुरी लागते. केंद्रानं मागणी पाठवली. वरून विचारणा आली, जुनं घड्याळ किती वाजता बंद पडलं? केंद्रानं कळवलं, चार वाजून चाळीस मिनिटांनी. पुन्हा विचारणा आली, सकाळचे की संध्याकाळचे? हे कुणालाच सांगता येईना, आणि फाईल तिथंच थांबली. मोबाईल आत न्यायला बंदी होती, कारण एकदा बातम्यांच्या मध्येच कुणाच्या तरी फोनवर हळदीचं गाणं वाजलं होतं. म्हणून आम्ही आपापल्या मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ सांगायचो.

माझं घड्याळ मी पाच मिनिटं पुढं लावलेलं, कारण सकाळची एस.टी. चुकली तर सभा चुकली. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडं बघायचं, त्यात पाच मिळवायचे आणि मनगटावर लावायचं. माईकसमोर त्यातून पाच वजा करून सांगायचं. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. अगदी सोपं. माझी वजाबाकी शाळेपासून कधी चुकली नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगत असे.

आणि तरीही पोस्टकार्डं यायची.

ढोकीहून. साखर कारखान्यातले एक निवृत्त टाइमकीपर. म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी बसून कामगारांची हजेरी लावणारे, कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर पडला. निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, सवय सुटली नाही. त्यांनी रेडिओची हजेरी घ्यायला सुरुवात केली. कार्डावर बारीक, टोकदार अक्षर. "स.न.वि.वि. आज सकाळच्या सभेत आपण वेळ एक मिनिट पुढे सांगितली. कळावे." बस्स. भाषण नाही, कौतुक नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. "आजही एक मिनिट पुढे."

पहिल्या वर्षी मी हसले. दुसऱ्या वर्षी चिडले. तिसऱ्या वर्षी ढोकी हे गाव नकाशावरून जावं असं मला वाटायला लागलं. लोकांची कार्डं यायची, बाई तुमचा आवाज गोड आहे, बाई आमच्या बाळाच्या वाढदिवसाला गाणं लावा. आणि यांचं आपलं एक मिनिट. मोठ्या बाईंना एकही कार्ड नाही! त्यांचं घड्याळ त्यांचे यजमान रोज मिळवून द्यायचे. मी सरळ ठरवून टाकलं की ढोकीच्या म्हाताऱ्याचं घड्याळ मागं आहे, आणि ती कार्डं शिपायाला चहाच्या कपाखाली ठेवायला देऊन टाकायची.

असं मजेत चाललं होतं, आणि मग मोठ्या शहरातल्या मुख्यालयाचं नवं धोरण आलं. छोट्या केंद्रांनी आपले कार्यक्रम कमी करायचे, मोठ्या शहरातले कार्यक्रम पुढं लावायचे. ढोकीच्या माणसाला तिकडच्या रस्त्यावरची वाहतूक कळली म्हणजे त्याचं भलं होईल, असं कुणाला तरी वाटलं असणार. इथं दोनच निवेदक राहतील. ज्यांचे कागदावरचे दिवस सगळ्यांत जास्त, त्यांना बोलावून, पडताळणी करून, वर्षाच्या करारावर ठेवायचं. बाकीच्यांनी घरी जायचं.

मोठ्या बाईंना पत्र आलं. दुसरं पत्र आमच्या घरी आलं, आणि ते अक्कांच्या नावानं होतं.

नवरात्रानं घात केला. ते सगळे नऊ-नऊ दिवस अक्कांच्या नावावर चढले होते, त्यामुळं अक्का माझ्या कितीतरी पुढं. मी बड्या बाबूंकडं धावले. ते चष्मा पुसत म्हणाले, कागदावर जे आहे ते आहे. मी म्हणाले, कागदावर तुम्हीच लावलंय! ते म्हणाले, हळू बोला. अकरा वर्षं जिनं मोठ्यानं बोलावं म्हणून दिवा लावून बसवली, तिला आता हळू बोला.

घरी आले तर अक्का पत्र हातात घेऊन उभ्या. चष्मा नाकावर. एकेक शब्द मोठ्यानं वाचत होत्या. मला वाटलं त्या म्हणतील, हे काय भलतंच, फाडून टाक. त्या म्हणाल्या, "नाव माझं हाय. तवा मीच जाणार."

मला भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली भीती होती, ती जास्त मोठी. तुम्हाला सांगते, सकाळी त्या लहानशा खोलीत दार बंद झालं, लाल दिवा लागला की मी जी असते ती मला फार आवडते. घरात मी धाकटी सून. बाहेर मी अमक्याची बायको. तिथं मी कुणाचीच कुणी नाही, नुसता आवाज, आणि तो अणदूरच्या शेतात आणि ढोकीच्या गुऱ्हाळात जातो. ते जाणार होतं. आणि कुणाकडं, तर अक्कांकडं, ज्यांनी आयुष्यात माईक पाहिला होता तो फक्त लग्नातल्या बँडवाल्याचा.

आठवडाभर आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. अक्का बोलतच होत्या. कारण त्यांनी सराव सुरू केला होता! फरसाणाच्या पुड्याचा कागद घ्यायच्या, चुलीसमोर ताठ उभ्या राहायच्या आणि वाचायच्या. चुरमुऱ्याची पिशवी, अगरबत्तीचा खोका, युरियाची गोणी, जे हाताला लागेल ते बातम्यांसारखं. मोठे दीर अंगणातून ओरडून दाद द्यायचे. माझा नवरा तोंडावर उपरणं धरून खोकल्याचं नाटक करायचा. रामलिंगाच्या डोंगरातून येणारी माकडं आमच्या पत्र्यावर बसतात, ती त्या आठवड्यात आली नाहीत. मी खोलीत बसून रडायची, आणि रडता रडता अक्का युरियाची गोणी वाचताना ऐकू आल्या की हसायची. मग हसू आलं म्हणून आणखी राग यायचा.

त्या रागात मी एक मूर्खपणा केला. ढोकीच्या टाइमकीपरना पत्र लिहिलं. इतक्या वर्षांत पहिलंच. लिहिलं की, तुमच्या मनासारखं झालं, एक मिनिट पुढं बोलणारी बाई आता जाणार, तिचे दिवस दुसरीच्या नावावर लागलेले आहेत, आता तुम्ही सुखानं झोपा. खाली घरचा पत्ताही घातला, म्हणजे भांडायला येता येईल.

आणि ते आले की! तिसऱ्या दिवशी दुपारी, एस.टी.नं. लहानसा, वाळका माणूस, पांढरा सदरा, गळ्यात खाकी रंगाची पिशवी. दारात उभं राहून आधी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, मग माझ्याकडं. पाणी दिलं तर म्हणाले, बाई जरा मोठ्यानं बोला, ऊस गाळायच्या यंत्राशेजारी बसून बसून कान गेलेत, रेडिओ कानाला चिकटवला की शब्द कळतात, पण आवाज कुणाचा ते कळत नाही. सगळ्या बायका सारख्याच वाटतात. म्हणजे अकरा वर्षं ज्यानं मला छळलं, त्याला माझा आवाजही ओळखू येत नव्हता. माझा हा अपमान मी कुठं ठेवू असं मला झालं.

मग त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. अकरा वर्षांच्या. रेघा आखलेल्या, तारीख, सभा, आणि शेवटच्या रकान्यात एकच आकडा. काही दिवसांपुढं शून्य. काही दिवसांपुढं एक.

ते म्हणाले, ज्या दिवशी शून्य, त्या दिवशी दुसऱ्या बाई. ज्या दिवशी एक, त्या दिवशी तुम्ही. माझ्या हिशोबात तुमचं नाव नाही, तुमचं मिनिट आहे. कारखान्यात आमच्याकडं हंगामी कामगारांची हजेरी अशीच एकदा भलत्याच नावांवर लागली होती, तेव्हा पुढं माझ्याच वहीवरून ती माणसं कायम झाली. जो काम करतो, हजेरी त्याची. बाकी सगळं साहेब लोकांच्या सोयीचं.

मी वह्या चाळत बसले. माझे दिवस, एक. अक्कांच्या नावावर गेलेले दिवस, एक. तुळजापूरचा सगळा नवरात्र, एक, एक, एक, एक. अरे देवा! मी ज्या कार्डांवर चहाचे कप ठेवले, ती माझी हजेरी होती.

पण तरी माझा हट्ट. मी म्हणाले, काका, तुमचं घड्याळ मागं असेल. त्यांनी माझा मोबाईल मागितला, त्यावरची वेळ बघितली, आपलं घड्याळ शेजारी धरलं. सेकंदाला सेकंद. मग माझं घड्याळ शेजारी धरलं. पाच नाही, सहा मिनिटं पुढं. आम्ही दोघंही स्वयंपाकघरात गेलो. भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट पुढं होतं. ते अक्कांनी माहेरून आणलेलं, अणदूरहून, त्यांच्या थोरल्या भावानं लावून दिलेलं, आणि सेल बदलायलासुद्धा अक्का कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. सेल घालायच्या आणि भावानं लावलं होतं तसे काटे नेहमी मिनिटभर पुढं लावायच्या. म्हणजे माझी वजाबाकी बरोबर होती. मिनिट अक्कांचं होतं.

मी चटकन माझं घड्याळ नीट करायला गेले, तर टाइमकीपरनी माझा हात धरला. "बाई, घड्याळाला हात लावू नका. तो पुरावा आहे."

पडताळणीच्या दिवशी आम्ही तिघं एस.टी.नं निघालो. अक्का नव्या लुगड्यात, माझ्याशी न बोलता खिडकीपाशी. टाइमकीपर वह्या मांडीवर घेऊन. मी मधे, आणि माझ्या मनगटावर सहा मिनिटं पुढचं घड्याळ, ज्याला मी रस्ताभर एखाद्या लेकराला धरावं तसं दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं. समितीत मुख्यालयाहून आलेले एक अध्यक्ष होते, आणि श्रम खात्याच्या एक बाई, ज्या सारखं काहीतरी लिहून घेत होत्या. बडे बाबू कोपऱ्यात. अक्कांना आत बोलावलं. दार अर्धं उघडं, आम्ही बाकावर, सगळं ऐकू येत होतं.

अध्यक्षांनी वाचायला कागद दिला असणार. अक्कांनी घसा खाकरला आणि युरियाच्या गोणीच्या चालीत बाजारभाव वाचले. खणखणीत, सगळ्या इमारतीत. मी डोळे मिटून घेतले. आता यांनाच ठेवणार, असं वाटलं मला. खरंच सांगते, वाचल्या बऱ्या. मग अध्यक्षांनी काहीतरी छान म्हटलं आणि विचारलं की अकरा वर्षांचा अनुभव कसा वाटला.

अक्का म्हणाल्या, "साहेब, वाचून दाखवलं, कारण तुमी म्हनला असता हिला येत न्हाय म्हनून नगं म्हनती. येतंय मला. पन अकरा वर्षांत म्या एकदाबी इथं आले न्हाय. ती बाहेर बसलीया ना, ती बोलली समदं. माझ्या नावावर तिनं नऊ-नऊ दिस घसा बसवला, आन म्या भगर खाल्ली."

बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते थांबेना. आठवडाभर! आठवडाभर मी या बाईशी बोलले नव्हते. टाइमकीपरना काही ऐकू आलं नव्हतं, ते मला हळूच विचारत होते, काय झालं, काय झालं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि आतले सगळे आमच्याकडं बघायला लागले.

मग आम्हाला आत घेतलं. अध्यक्षांना खोट्या नावाचा राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं, म्हणून ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत होते. टाइमकीपरनी वह्या उघडल्या. श्रम खात्याच्या बाईंनी केंद्राची नोंदवही मागवली आणि दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत गेल्या. माझं नाव, एक. अक्कांचं नाव, एक. मोठ्या बाईंचं नाव, शून्य. त्यांच्या माहेरच्या नावापुढंही शून्य, तिथं त्या बाईंचं बोट जरा थांबलं, आणि दयाळूपणे पुढं गेलं.

अध्यक्ष म्हणाले, पण या दोघी एकाच घरातल्या. एकाच घड्याळावर चालणाऱ्या. दोघीही एक मिनिट पुढं असू शकतात.

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. टाइमकीपरच्या कानाशी सांगितलं, तर तेसुद्धा वहीची पानं उगाच मागंपुढं करायला लागले. श्रम खात्याच्या बाईंनी मात्र आपला फोन टेबलावर पालथा घातला आणि मला विचारलं, रेडिओवर सांगता तशी आत्ताची वेळ सांगा. मी मनगटाकडं बघितलं, पाच वजा केले, आणि माझ्या माईकच्या आवाजात म्हणाले, अकरा वाजून तेवीस मिनिटं झाली आहेत. त्यांनी फोन उलटा केला. अकरा बावीस.

मग त्यांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी खिडकीतून उन्हाकडं बघितलं.

"आता जेवायची येळ झाली असंल," अक्का म्हणाल्या.

आधी शिपाई हसला, मग श्रम खात्याच्या बाई, मग अध्यक्ष, आणि मग बडे बाबू कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून असे हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. अक्कांना कळेना काय झालं. टाइमकीपरना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसत होते, आणि हसता हसता त्यांनी वहीत त्या दिवसाची तारीख घालून पुढं एक लिहून टाकलं.

हसणं संपल्यावर श्रम खात्याच्या बाई एवढंच म्हणाल्या की, सहा दिवसांचा नियम कामगारानं हक्क मागू नये म्हणून केला, आणि त्यापायी संस्थेला स्वतःच्या वहीत खोटं लिहावं लागलं, तर चूक बोलणाऱ्या बाईची धरायची का? अध्यक्षांची पेन्सिल आता अगदी सरळ होती.

महिन्याभरानं हुकूम आला. संध्याकाळची सभा मोठ्या शहराकडं गेली, ती गेलीच. सकाळची राहिली, आणि सकाळी मी राहिले, मोठ्या बाईंबरोबर, करारावर. आणि अकरा वर्षांचे सगळे दिवस माझ्या नावावर चढवले. अक्कांचं नाव नोंदवहीतून लाल शाईनं खोडलं. हे मी घरी येऊन आनंदानं सांगितलं, पेढे आणले होते, तर अक्कांनी पेढा तोंडात न घालता हातातच धरला. म्हणाल्या, समदंच खोडलं व्हय? एखादा नवरात्र तरी ठेवायचा.

समितीच्या शेऱ्यामुळं स्टुडिओत नवं घड्याळही आलं. सकाळचे की संध्याकाळचे हे न विचारता! पहिल्या सकाळी मी हजेरीच्या वहीत सही केली, माझी, माझ्या नावापुढं, आणि आत जाऊन बसले. दिवा लागला. मी भिंतीवर बघून वेळ सांगितली. सेकंदाला सेकंद बरोबर. मला वाटलं, ढोकीत आज कुणीतरी वहीत शून्य लिहून समाधानानं मान डोलावत असेल.

दहा दिवसांनी कार्ड आलं. तेच बारीक, टोकदार अक्षर.

"स.न.वि.वि. गेला आठवडाभर सकाळच्या सभेत वेळ रोज अचूक आहे, एकही दिवस एक मिनिट पुढे नाही. म्हणजे नवीन बाई आल्या. आमच्या बाईंना काढले का, ते कळवावे. काढले असल्यास मी वह्या घेऊन पुन्हा येतो."

शिपाई चहाचा कप घेऊन उभा होता, कार्डाकडं हात पुढं करून. मी त्याला कार्ड दिलं नाही.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर माझं घड्याळ लावलं, नेहमीसारखं, पाच पुढं. अक्का भाकरी थापत होत्या. मी त्यांना सांगितलं, उद्या सकाळी रेडिओ लावा. सोमवारी दिवा लागला तेव्हा मी भिंतीकडं बघितलंच नाही. मनगटाकडं बघितलं, पाच वजा केले, आणि अक्कांच्या वेळेनं सांगितलं की सकाळचे सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली आहेत.